घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

१९४५ साली, महायुद्ध संपलं त्याच वर्षी, इंग्लंडमधल्या एका लिलावात जेमतेम वर्षभराचं शिंगरू २८,००० गिनींना विकलं गेलं. ब्रिटनमध्ये त्याआधी कुठल्याही शिंगराला इतकी किंमत आली नव्हती. बोली जिंकली ती बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी. गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग, आणि तेव्हा पौंडाला तेरा रुपयांच्या वर भाव होता. म्हणजे रक्कम जवळजवळ ३ लाख ९२ हजार रुपये झाली, तीही त्या काळातले रुपये. महाराजांनी शिंगराला आजोबांचं नाव ठेवलं : सयाजीराव.

किंमत वेडेपणाची होती, पण बिनबुडाची नव्हती. या शिंगराचा सख्खा थोरला भाऊ डांटे त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी जिंकला होता. बाप तोच, नेआर्को, जो आयुष्यातल्या चौदाच्या चौदा शर्यती जिंकून निवृत्त झालेला. आईही तीच. मग धाकट्याने डर्बी का जिंकू नये? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपण म्हणतो. इथे तर पाळण्यात थोरल्या भावाचेही पाय दिसत होते.

१९४७ साली सयाजीराव टू थाउजंड गिनीज या शर्यतीत तिसरा आला. डर्बीतही तिसराच. पुढे तो आयरिश डर्बी जिंकला आणि सप्टेंबरात सेंट लेजरही. दुसऱ्या कुठल्याही घोड्याची ही कारकीर्द सोन्याची ठरली असती. पण पैसे मोजले होते ते एप्समच्या मैदानावर होणाऱ्या डर्बीसाठी, आणि नेमकी तीच हुकली. त्यामुळे हा घोडा अपयशी म्हणायचा की यशस्वी, यावर आजही वाद घालता येतो. माझ्या मते घोड्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. चुकला तो अंदाज, आणि अशा अंदाजांची चूक बहुतेक वेळा एकाच जागी होते.

ती जागा शोधायला आधी लिलावाच्या मांडवात जावं लागेल. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात पाहून वय ठरवतो, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते बघतो, थोडं चालवून चाल पाहतो. अमेरिकेतल्या कीनलँडच्या लिलावात भोवऱ्यांच्या जागी वंशावळ असते, आणि दातांच्या जोडीला हाडांचे एक्स-रे. तपासणी कितीतरी शास्त्रीय, पण घोडा अजून एकदाही धावलेला नसतो ही अडचण दोन्हीकडे सारखीच. शिवाय लिलावातल्या किमतीत एक मेख असते. ती घोड्यापेक्षा दुसऱ्या बोलीदाराच्या हट्टाबद्दल जास्त सांगते. किंमत आभाळाला भिडायला दोन हट्टी श्रीमंत पुरतात.

१९८३ साली कीनलँडला नेमकं हेच झालं. एका बाजूला दुबईचं मक्तूम घराणं, दुसऱ्या बाजूला इंग्लंडचे रॉबर्ट सँग्स्टर आणि त्यांचे भागीदार. नॉर्दर्न डान्सर या विख्यात घोड्याचं एक शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरला गेलं. आठ आकडी बोली कधी लागेल अशी कल्पनाच कुणी केली नव्हती, त्यामुळे मांडवातल्या फलकावर ती रक्कम मावली नाही. शिंगराचं नाव स्नाफी डान्सर. इंग्लंडमध्ये सराव सुरू झाला आणि ते इतकं मंद निघालं की लाज नको म्हणून एकाही शर्यतीत उतरवलं नाही. पैदाशीला लावलं, तर प्रजननक्षमता नाममात्र. उभ्या आयुष्यात चार शिंगरं झाली.

दोनच वर्षांनी त्याच मांडवात आणखी मोठा आकडा लागला : १ कोटी ३१ लाख डॉलर. हे शिंगरू, सिॲटल डान्सर, सिॲटल स्ल्यूचं सावत्र भावंड, आई एकच. तो सिॲटल स्ल्यू म्हणजे १९७७ साली एकही शर्यत न हरता अमेरिकेचा तिहेरी मुकुट जिंकणारा घोडा. आणि त्याला मालकांनी घेतलं होतं अवघ्या साडेसतरा हजार डॉलरला! सिॲटल डान्सर आयर्लंडमध्ये दोन बऱ्या शर्यती जिंकला आणि तिथेच त्याची गोष्ट आटोपली. एकाच घोडीची ही दोन लेकरं, किमतीत साडेसातशे पटींचा फरक, आणि कर्तृत्वात नेमका उलटा.

मी राहतो वाळूजला. इथल्या एमआयडीसीत १९८५ पासून बजाजच्या गाड्या तयार होतात. एका आराखड्यातून निघालेली दोन इंजिनं सारखीच अश्वशक्ती देतात, आणि एखादं देत नसेल तर ते लाइनवरच अडवलं जातं. खऱ्या अश्वाच्या बाबतीत हा भरवसा नाही. एकाच घोडा-घोडीच्या प्रत्येक शिंगरात जनुकं पत्त्यांसारखी नव्याने पिसली जातात. सयाजीराव आणि डांटे सख्खे भाऊ, तरी सरासरीने दोघांत निम्मीच जनुकीय सामग्री सामाईक. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली शर्यतीच्या घोड्यांची आयुष्यभराची कमाई आणि वंश यांचा ताळा घातला. कमाईतल्या फरकापैकी जेमतेम दहा टक्के भाग वंशाने येतो असं त्यांना दिसलं. उरलेलं सगळं खुराक, देखभाल, ट्रेनर, जॉकी, मैदान, दुखापती आणि नशीब. वंशावळ खोटी नसते. तिच्यावर नव्वद टक्क्यांचा भार टाकणं खोटं असतं.

बरं, शिंगराला धावताना पाहून घेतलं तर? फ्लोरिडात दोन वर्षांचे घोडे-घोड्या विकायच्या आधी खरेदीदारांसमोर पळवून दाखवतात. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथे एका घोड्याने एक फर्लांग, म्हणजे सुमारे २०१ मीटर, ९.८ सेकंदांत कापला. ताशी ७४ किलोमीटरच्या आसपास! आयर्लंडची कूलमोर मंडळी आणि दुबईचे शेख यांच्या माणसांत जुंपली आणि द ग्रीन मंकी नावाचा हा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला, त्या वेळचे सुमारे ७० कोटी रुपये, कूलमोरकडे गेला. तो तीन शर्यती धावला. सर्वोत्तम क्रमांक तिसरा. एकूण कमाई १०,४४० डॉलर.

इथेच घोडं पेंड खातं. एक फर्लांग धावणं आणि आठ किंवा बारा फर्लांग धावणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. पहिल्या दहा सेकंदांत स्नायूंतला साठवलेला इंधनसाठाच पुरतो, श्वासाची फारशी गरजच लागत नाही. दीड मैलाच्या शर्यतीत अडीच मिनिटं हृदय, फुप्फुसं आणि रक्त यांचा कस लागतो. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, भरधाव वेगात ते सव्वादोनशेच्या वर जातं. त्याच वेळी प्लीहा आकुंचन पावून राखीव ठेवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. आणि भरधाव धावताना त्याचा श्वास टापांशी बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. स्वरयंत्राच्या डाव्या बाजूला जाणारी नस छातीपर्यंत खाली उतरून पुन्हा वर येते. उंच घोड्यांत ती बरेचदा अधू होते, श्वासनलिकेचं दार अर्धवटच उघडतं आणि धावताना घोडा घोरल्यासारखा आवाज काढतो. रेसकोर्सवर याला ‘रोअरर’ म्हणतात. काहींच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्या ताणाने फुटून नाकातून रक्त येतं, हे ‘ब्लीडर’. यातलं काहीच एका फर्लांगात कळत नाही.

अंतराची आवड-निवड किती रक्तात असते हे २०१० साली डब्लिनच्या संशोधक एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. स्नायूंची वाढ आटोक्यात ठेवणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाची एक ठेवण असेल तर घोडा आखूड पल्ल्याचा, दुसरी असेल तर लांब पल्ल्याचा, आणि दोन्ही मिसळल्या तर मधल्या पल्ल्याचा. मात्र घोडा कुठल्या अंतराला जुळेल एवढंच ही चाचणी सांगते; त्या अंतरात तो जिंकेल का, हे नाही.

ही चाचणी १९४७ साली असती तर एप्समला लाखो पौंड बुडाले नसते. त्या वर्षी टू थाउजंड गिनीज टुडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने घोड्याच्या आठ लांबींनी जिंकली होती. सयाजीराव तिसरा आला तो याच शर्यतीत. अंतर एक मैल. डर्बी दीड मैलाची. तिथे टुडर मिन्स्ट्रेलचा भाव होता सातास चार, म्हणजे सात पौंड लावा आणि जिंकलात तर वर फक्त चार मिळवा. इतका तो जिंकणार हे जगाने गृहीत धरलेलं. घोडा सुरुवातीपासून जॉकीच्या लगामाशी भांडत राहिला, दम संपला आणि चौथा आला. जिंकला पर्ल डायव्हर, एकास चाळीस भावाचा. नंतर टुडर मिन्स्ट्रेल मैलाच्या शर्यतीत परतला आणि पुन्हा जिंकू लागला. हा घोडा अपयशी नव्हताच. त्याला चुकीच्या अंतरात उतरवलं होतं.

आणि पुढच्याच वर्षी हीच पाळी बडोदेकरांवर आली. महाराजांचा माय बाबू नावाचा घोडा १९४८ ची टू थाउजंड गिनीज जिंकला आणि डर्बीत फेव्हरिट म्हणून उतरला. चौथा आला. जुलैअखेरीस गुडवुडला मैलाच्या ससेक्स स्टेक्समध्ये तोच पहिला! दोन वर्षांत एकाच मैदानावर एकाच चुकीने दोन फेव्हरिट पडले. श्रीमंत माणसं इतरांच्या अनुभवाने शहाणी होत नाहीत हे खरं, पण इथे कारण आणखी साधं आहे. डर्बी ही डर्बी असते. घोड्याला मैलच मानवतो हे ठाऊक असूनही मालकाचा मोह सुटत नाही.

उलट गोष्टही आपल्याच शेजारची आहे. राजपिपळ्याचे महाराज विजयसिंहजी यांनी विंडसर लॅड हा घोडा शिंगरू असताना १,३०० गिनींना घेतला होता. सयाजीरावाच्या किमतीच्या एकविसाव्या हिश्शाहूनही कमी. १९३४ च्या डर्बीत सगळा पैसा कोलंबोवर होता, कारण तोवर कोलंबो एकदाही हरला नव्हता. कोलंबो तिसरा आला, विंडसर लॅड पहिला.

हाडांचा मुद्दा वेगळा, आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो. उत्तर गोलार्धात थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातिवंत घोड्यांचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारी. मे महिन्यात जन्मलेलं आणि जानेवारीत जन्मलेलं शिंगरू एकाच वयाचं धरलं जातं, प्रत्यक्षात चार महिन्यांचं अंतर असलं तरी. गुडघ्याच्या वरची वाढीची चकती भरून यायला दोन-अडीच वर्षं लागतात, पाठीच्या मणक्यांना पाच वर्षांच्याही पुढे. आणि पाश्चात्त्य देशांत मोठ्या बक्षिसांच्या शर्यती दुसऱ्या वर्षीच सुरू होतात. नडगीच्या हाडावर सूज येणं हे या वयातलं नेहमीचं दुखणं. दोन वर्षांचा असताना चमकलेला घोडा तिसऱ्या वर्षी मावळतो तेव्हा ‘दम संपला’ असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. १९९१ च्या अमेरिकेतल्या ब्रीडर्स कप जुवेनाइलमध्ये अराझी हा फ्रान्सहून आलेला घोडा मागून येऊन सगळ्यांना असा ओलांडून गेला की तो शतकातला घोडा ठरणार असं लिहिलं गेलं. त्यानंतर त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. १९९२ च्या केंटकी डर्बीत तो आठवा आला. यात आश्चर्य कसलं? आश्चर्य वाटायला हवं ते त्याला फेव्हरिट ठरवणाऱ्यांचं.

या बाबतीत आपली इंडियन डर्बी जरा शहाणी आहे. मुंबईच्या महालक्ष्मीला ती फेब्रुवारीत होते आणि चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. एप्समला जूनमध्ये तीन वर्षांचे घोडे धावतात. म्हणजे आपल्याकडच्या घोड्याला आठ महिने जास्त मिळतात. अंतर तेच, २,४०० मीटर. पहिली इंडियन डर्बी १९४३ साली झाली आणि ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने. मालक? पुन्हा बडोदा.

पण आपल्याकडेही अडखळायला जागा पुष्कळ. पुण्याचं रेसकोर्स १८३० पासूनचं, तिथला हंगाम पावसाळ्यात, मुंबईचा हिवाळ्यात. ऑगस्टच्या ओल्या, मऊ मैदानात टाप रोवून धावणारा घोडा जानेवारीच्या टणक ट्रॅकवर नाराज होऊ शकतो. रोज पहाटेच्या सरावाच्या वेळा छापून येतात, सहाशे मीटर इतक्या सेकंदांत, आठशे तितक्या, आणि शौकीन ‘कोल’ नावाचं रेसचं पुस्तक घेऊन त्यावर पेन्सिलीच्या खुणा करत बसतात. पहाटे रिकाम्या मैदानावर एकटा धावणारा घोडा दुपारी गर्दीत, गोंगाटात, गेटच्या अरुंद कप्प्यात उभा केला की वेगळाच प्राणी होतो. घोडा मुळात कळपातला. काहींना पुढे जायचंच नसतं. शेजारच्याच्या खांद्याला खांदा लावून धावण्यात त्यांना समाधान असतं. ट्रेनर याला ‘मन नाही’ म्हणतात आणि त्यावर एक्स-रे नसतो.

जिंकणाऱ्या घोड्याचं रेटिंग वाढतं, पाठीवरचं वजन वाढतं; हरणाऱ्याचं उतरतं. म्हणून डर्बीचा म्हणून घेतलेला घोडा खालच्या वर्गात उतरून दोन-चार शर्यती जिंकून जातो. तेही जमलं नाही तर शर्यत सुटते. त्यातले काही राइडिंग क्लबांकडे जातात. पुण्याच्या पूनावाला घराण्याने १९४६ साली घोड्यांचा फार्म काढला. तिथले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, कारण धनुर्वाताची प्रतिविषं घोड्याच्या रक्तातूनच बनवत. त्याच व्यवहारातून प्रतिविषांचा कारखाना आपणच का काढू नये, हे सायरस पूनावालांच्या मनात आलं आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावरचं औषध आजही घोड्याच्याच रक्तद्रवातून काढतात.

आणि एक घोडा असा, की त्याचं अपयशच भारताच्या पथ्यावर पडलं. रझीन त्याचं नाव. स्नाफी डान्सरसारखाच नॉर्दर्न डान्सरचा मुलगा. इंग्लंडमध्ये हेन्री सेसिल यांनी त्याला न्यूमार्केटच्या वॉरन प्लेस या तबेल्यात तयार केलं. गंमत म्हणजे हाच तबेला एके काळी प्रतापसिंहराव महाराजांनी विकत घेतला होता. १९९० च्या एप्सम डर्बीत रझीन फेव्हरिट होता आणि साफ मागे राहिला. युरोपात कुणाला नको झालेला हा घोडा हरियाणातल्या उषा स्टडमध्ये आला आणि कित्येक वर्षं देशातला पहिल्या क्रमांकाचा स्टॅलियन राहिला. त्याच्या लेकरांनी मुंबई-पुण्यासह देशभरातल्या मोठ्या शर्यती मारल्या. माय बाबूचंही असंच. स्वतः डर्बी हरलेल्या या घोड्याचा मुलगा अवर बाबू १९५५ ची टू थाउजंड गिनीज जिंकला. त्याच्या केरळा नावाच्या मुलीच्या पोटी डमॅस्कस जन्मला, १९६७ चा अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा. हे सगळं पाहायला महाराज गादीवर नव्हते. १९५१ साली भारत सरकारने त्यांना पदच्युत केलं होतं, आणि त्यांच्या उधळपट्टीच्या चर्चेत घोडे पहिल्या रांगेत होते.

मराठवाड्यात रेसकोर्स नाही. आपल्याला पुणे, मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं. पुढच्या फेब्रुवारीत महालक्ष्मीला गेलात, तर फेव्हरिट किती लाखांना घेतला आणि त्याचा बाप कोण, हे वाचण्यात वेळ घालवू नका. तो याआधी दोन हजार मीटरच्या पुढे कधी धावलाय का, आणि धावला असेल तर शेवटच्या चारशे मीटरमध्ये तो पुढे सरकत होता की मागे पडत होता, एवढं कोलमध्ये शोधा. ते सापडलं नाही तर पैसे खिशात ठेवा आणि शर्यत बघा.